हिरवं म्हणजे वाट

हिएतानिएमी
२० नोव्हेंबर १९६६

चि. साइमी हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. अजून पेन्सिलीनेच लिहितेस. पंचेचाळीस वर्षांची झालीस, परदेशात गिरणीत हुद्द्याला लागलीस, पण पत्र हातात घेतलं की वाटतं शाळेतली साइमी गृहपाठ दाखवायला आली. बाबांचं तू आयुष्यात एवढं एकच ऐकलंस, की शाईवर भरवसा ठेवू नये. त्यांच्या सुतारकामाच्या चपट्या पेन्सिलींचा अर्धा डबा अजून माझ्या फडताळात आहे. तुझ्या संपल्या असतील तर कळव.

इंकेरी सुखरूप आहे. ती आली त्या दिवशी तिचं बोलणं ऐकून शेजारचा ऊनो म्हातारा म्हणाला, की ही पोरगी आपलीच भाषा बोलते पण स्वीडनच्या रेडिओवरून बोलल्यासारखी वाटते. ती चिडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्याची अगदी त्याच्यासारखी नक्कल करून दाखवली, तंबाखूच्या पिंकेसकट. तेव्हापासून त्याचा जीव तिच्यावर जडला आहे. रोज फाटकाशी उभा राहून विचारतो, आमचा रेडिओ घरी आला का.

तुझी जुनी काळी सायकल खोपटातून काढून दिली आहे. पुलावरून इस्पितळ चौदा किलोमीटर. हिची पाळी सात वाजता सुरू होते आणि पहिली बस निघते साडेसातला, त्यामुळे सायकलशिवाय गत नाही. पहिल्या थंडीत तिने काय केलं ऐक. सायकलला गारठा बाधेल म्हणून तिला रात्रभर स्वयंपाकघरात चुलीपाशी उभी केली, वर माझी शालसुद्धा पांघरली! सकाळी बाहेर नेली तेव्हा आत वितळलेलं पाणी पुन्हा गोठलं. पायडल नुसतंच गरगर फिरतंय, चाक ढिम्म. पोरगी ढोपरभर बर्फात उभी राहून रडकुंडीला आलेली. मी तिला सांगितलं की बाई गं, सायकल म्हणजे गाय नव्हे, तिला थंडीतच बरं वाटतं. आता खोपटातच राहते. टायरमधली हवा थोडी कमी केली आहे, म्हणजे चाक जमीन धरतं. कोटाखाली वर्तमानपत्र, बुटांवरून लोकरीचे मोजे, सीटवर मेंढीचं कातडं. आपण जसं जायचो तसंच सगळं.

तिला पाठवताना तू स्टेशनवर रडलीस असं ती म्हणाली. रडू नकोस. जूनमध्ये तिचं नर्सचं प्रशिक्षण संपेल. जशी पाठवलीस तशीच तुझ्या हाती परत देईन, हा माझा शब्द.

खोकल्याची हयगय करू नकोस. लोभ आहेच, तो असाच असू दे.
तुझी,
हेल्वी

बोरोस
११ डिसेंबर १९६६

चि. इंकेरी हिस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकिटावर दवाखान्याचा पत्ता पाहून घाबरू नकोस. गिरणीतल्या कापसाने छाती भरली आहे, फुफ्फुसात पाणी झालंय असं डॉक्टर म्हणतात. निजून राहायचं आणि लापशी खायची एवढंच काम. शेजारच्या खाटेवरची बाई दिवसभर घोरते आणि रात्री मला विचारते की तुम्हाला झोप का लागत नाही. मावशीला आजाराचं जास्त काही सांगू नकोस.

खाडी गोठली की तू बर्फावरून जाणार असं लिहिलंयस. चौदा किलोमीटरचे चार होतात हे मला कळतं. मी अठरा वर्षांची असताना त्याच सायकलवरून, त्याच खाडीवरून खाटीकखान्यात कामाला जात होते. पण बर्फावर वाऱ्याला आडोसा नसतो. डायनॅमोचा दिवा चाकाच्या जिवावर जळतो. ताज्या बर्फात तू हळू झालीस की तोही मिणमिण करणार आणि थांबलीस की विझणार. म्हणजे नेमका हवा तेव्हा नसणार.

तेव्हा तुझ्या आजोबांनी मला जे शिकवलं ते नीट लक्षात ठेव. ते खाडीवर वाटेच्या कडेने हिरवी झाडं रोवायचे. नाताळ संपला की गावातली सगळी झाडं तिथे जायची. बर्फ उडत असेल, काही दिसेनासं झालं, तर घाबरून भलतीकडे वळायचं नाही. हिरवं झाड शोधायचं आणि सरळ त्याच्याकडे जायचं. आजोबा म्हणायचे, पांढरं म्हणजे फसवणूक, काळं म्हणजे पाणी, हिरवं म्हणजे वाट. ह्या एका वाक्यावर मी पाच हिवाळे घरी आले.

हे पत्र जवळ ठेव. हसू नकोस. आई लांब असली की तिच्याकडे द्यायला वाक्यांशिवाय दुसरं काय असतं?

जपून राहा. तुझ्यावर आहे ती सगळी माया,
आई

हिएतानिएमी
२७ डिसेंबर १९६६

चि. साइमी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू दवाखान्यात आहेस हे इंकेरीच्या तोंडून निसटलं. माझ्यापासून लपवायला निघालेली! लहानपणी दूध सांडून मांजरावर घालायचीस, त्यातलीच ही गत. आता डॉक्टर सोडतील तेव्हाच ऊठ.

नाताळ चांगला झाला. बाबा-आईच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावून आलो. उणे सत्तावीस होतं पण वारा नव्हता, त्यामुळे ज्योती सरळ उभ्या. इंकेरीने लापशीत लपवलेला बदाम तिलाच सापडला आणि तो तिने ऊनोच्या वाटीत गुपचूप टाकला. म्हातारा लाजला. ज्याला बदाम मिळतो त्याचं वर्षात लग्न होतं, म्हणून आम्ही त्याला जेवण संपेपर्यंत छळलं.

खाडीवरची वाट सोळा तारखेपासून सुरू झाली. ऊनोने लोखंडी पहारेने जागोजाग ठोकून पाहिलं, मग बर्चच्या काठ्या रोवल्या. बर्फ हातभर जाड आहे. पोरगी आता पंचवीस मिनिटांत इस्पितळात पोचते आणि त्या फुशारक्या संध्याकाळभर मला ऐकाव्या लागतात. वार्डातल्या म्हाताऱ्या बाया तिला सायकलवाली म्हणतात. एक तर सकाळी तिचे गार हात स्वतःच्या पांघरुणात ओढून घेते म्हणे, आणि मग सगळ्या वार्डाला सांगते की मीच हिची नर्स आहे.

ती घरात आल्यापासून मी दोन कप कॉफी मांडते. ती कामावर असते तेव्हाही हात चुकून दोन कप काढतो.

तुझी तब्येत कळव. लोभ कमी होऊ देऊ नकोस.
हेल्वी

हिएतानिएमी
१३ जानेवारी १९६७

ती. आईस,
इंकेरीचा सा. न. वि. वि.

तुला बसून पत्र लिहिता येतंय हे वाचून फार बरं वाटलं. घोरणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांग.

इथे अंधार आता थोडा सैल झालाय. दुपारी दोन तास आकाश गुलाबी असतं. मी कामावरून निघते तोवर ते संपलेलं असतं, पण खिडकीतून बघते. सायकल उत्तम. कुलूप गोठतं म्हणून मावशीने त्यात औषधाच्या कपाटातलं स्पिरिट घालायला दिलं. काल रस्त्यात पोलिसाने थांबवलं, त्याला माझ्या सायकलला दारूचा वास आला! मी म्हटलं की साहेब, प्यायली आहे ती सायकल, मी नाही. तो हसला आणि म्हणाला की मग तिला हाताला धरून घरी न्या.

मंगळवारी मी कामावर असताना मावशीने आणि ऊनोआजोबांनी दुधाच्या कोठीसाठी खाडीतून बर्फाच्या लाद्या कापून आणल्या. कोठी भुशाने आणि लाद्यांनी गच्च भरली आहे. आज नाताळचं झाड घरातून काढायचा दिवस. मी नुकती आले होते, भाकरी तोंडात होती, तेवढ्यात मावशी आपलं झाड घसरगाडीवर घालून खाडीकडे निघाली. शेंड्यावरची लाल लोकर तशीच! मी दारातून ओरडले की वा, माझ्यासाठी सजावट का? तिला माझं किती ऐकू गेलं देव जाणे, कानावर दोन रुमाल होते. ती एवढंच म्हणाली, की जाता-येता त्या झाडावर नजर ठेव.

आई, मला एकदम तुझं वाक्य आठवलं. आजोबा गेले, तू स्वीडनला गेलीस, तरी हिरवं म्हणजे वाट ते अजून चालू आहे. मला फार सुरक्षित वाटलं. तुझं पत्र माझ्या कोटाच्या आतल्या खिशात असतं. मी हसले नाही. (थोडी हसले.)

लवकर बरी हो. जूनमध्ये मी तुला सायकलवर मागे बसवून गावभर फिरवणार आहे.

तुझी लाडकी,
इंकेरी

हिएतानिएमी
२ फेब्रुवारी १९६७

चि. साइमी हिस,
आशीर्वाद.

तार तुला मिळाली, आणि डॉक्टरांनी तुला प्रवास करू दिला नाही हेही कळलं. बरंच झालं. बोटीत तुझा जीव गेला असता तर मी कोणाला लिहिलं असतं?

तुला सगळं कळायला हवं म्हणून लिहिते. चोवीस तारखेला दुपारी दोनपासून बर्फाचं वादळ सुरू झालं. मुख्य नर्सने तिला म्हटलं की आज इथेच थांब, परिचारिकांच्या खोलीत खाट आहे. ती म्हणाली की मावशी मासळीचं सूप करून बसली असेल, आणि माझी सायकल घोड्यासारखी आहे, वाट तिला पाठ आहे. साडेतीनला निघाली. मी चार वाजल्यापासून काठावर गाईची घंटा वाजवत उभी होते. ऊनोने कंदील धरला होता. बर्फ आडवा येत होता, कंदील आम्हालाच दिसत नव्हता. सहा वाजता ऊनो कमरेला दोर बांधून वाटेवर निघाला, अर्ध्यातून परत आला. बर्चच्या काठ्या बर्फाने भरून पांढऱ्या झाल्या होत्या, त्यालाच वाट सापडेना.

सकाळी सापडली. लाद्या कापलेल्या जागी. तिथे खालून प्रवाहाची ओढ असते, त्यामुळे पाण्यावर बोटभरच साय धरली होती. सायकल हँडलने काठाला अडकून उभी होती, पाण्यात पूर्ण गेली नव्हती.

साइमी, चूक माझी आहे. त्या जागेवर खूण करायची जबाबदारी माझ्यावर होती. लाद्या कापणाऱ्यानेच ती करायची असते. मी उद्या करू, परवा करू म्हणत राहिले आणि राहून गेली. दुसरं काही कारण नाही. पोरीची काही चूक नव्हती, आणि दुसऱ्या कोणाचीही नव्हती, हे लक्षात ठेव.

तिच्या कोटाच्या आतल्या खिशात तुझं पत्र होतं. पाण्याने शाई सगळी पसरली होती, एक अक्षर लागत नव्हतं. मी ते घडी करून तिच्याबरोबरच ठेवलं.

जमीन दगड झालेली, दोन दिवस शेकोटी पेटवून मग खणता आली. बाबांच्या डाव्या हाताला ठेवली आहे. वार्डातल्या बायांनी लोकरीचे हातमोजे विणून पाठवले, ते तिच्या हातात घातले.

मी दिलेला शब्द मोडला. काय ते बोल.
हेल्वी

बोरोस
१४ फेब्रुवारी १९६७

हेल्वी,

पत्र मिळालं.

एक खूण करायला किती वेळ लागतो? गाईची धार काढायला विसरलीस का कधी? चर्चला जायला विसरलीस? कॉफीचा कप मांडायला तुझा हात विसरत नाही असं तूच लिहिलं होतंस. मी माझी एकुलती एक मुलगी तुझ्या ओटीत घातली. तिचा बाप गेला तेव्हा जंगलातून त्याला आणलं ते ओंडक्यांच्या गाडीवरून. तेव्हा मी ठरवलं होतं की हिला त्या देशात ठेवायची नाही. तू मात्र लिहीत राहिलीस की पोरीला आपली माती कळू दे. कळली तिला माती. ती खणायला दोन दिवस लागले.

तू माझी मुलगी मारलीस. लोक काही म्हणोत, पाद्री काही म्हणो, ह्यापेक्षा वेगळं मला म्हणता येत नाही.

ती सायकल जाळून टाक. मला यापुढे पत्र पाठवू नये.

साइमी

हिएतानिएमी
९ एप्रिल १९६७

चि. साइमी हिस,

पाठवू नये म्हणालीस तरी पाठवते आहे, एकदाच. तू लिहिलंस त्यातलं एकही अक्षर चूक नाही. मी ते पत्र जपून ठेवलं आहे, माझ्याकडे ते असायला हवं.

सायकल जळत नाही, लोखंड आहे. खोपटात उलटी करून ठेवली आहे. ऊनो अजून संध्याकाळी फाटकाशी येतो, काही विचारत नाही, थोडा वेळ उभा राहतो आणि जातो.

फडताळ आवरताना बाबांच्या पेन्सिली हाताशी आल्या. त्या तुझ्याच आहेत. वेगळ्या पुडक्यात पाठवल्या आहेत. मला नसलं लिहायचं तर दुसऱ्या कोणाला लिही, पण लिही.

छातीला शेक घेत जा. उत्तराची वाट पाहत नाही.
हेल्वी

बोरोस
२१ मे १९६७

ती. हेल्वीताईस,
धाकट्या साइमीचा शि. सा. न. वि. वि.

पेन्सिली पोचल्या. त्यांतल्याच एकीने लिहिते आहे. चाकूने टोक काढताना बाबांच्या हाताचा वास येईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. नुसतं लाकूड.

ताई, आता मी सांगते ते बसून वाच.

तुझं दोन फेब्रुवारीचं पत्र यायच्या दोन दिवस आधी मला तिथल्या पोलीस अंमलदाराचा कागद आला होता. आईला कळवायचा असतो तसा, शिक्क्याचा. त्यात सगळं ओळीने लिहिलं होतं. बर्फ कापलेल्या जागेवर नियमाप्रमाणे हिरव्या झाडाची खूण होती. झाड माणसाहून उंच, भक्कम रोवलेलं, शेंड्याला लाल लोकर. दहा वर्षांमागे खाडीवरचा नियम बदलला, वाटेला बर्चच्या काठ्या आणि धोक्याला हिरवं झाड, हे परिसरातल्या सर्वांना माहीत आहे, असंही होतं. आणि शेवटी होतं की सायकलीच्या चाकाचा माग झाडाच्या आडोशाला थोडा शिल्लक राहिला होता, तो वाट सोडून सरळ, कुठेही न वळता, झाडाकडे गेलेला होता. सदर मुलीने असं का केलं असावं ह्याचा उलगडा होत नाही, असं त्याने लिहिलं होतं.

मला उलगडा झाला. कागद हातात होता तेव्हाच झाला.

मग तुझं पत्र आलं, खूण करायची राहिली म्हणून. आणि शाई पसरली म्हणून. ताई, मी जन्मात तुला किंवा तिला शाईने पत्र लिहिलेलं नाही. बाबा मासेमारीच्या जाळ्यांना बांधलेल्या तरंगत्या लाकडी ठोकळ्यांवर नावं पेन्सिलीनेच घालायचे, ती सबंध हंगाम पाण्यात राहून जशीच्या तशी वर यायची. पेन्सिल पाण्यात पसरत नाही. तू माझं पत्र वाचलंस. ओलं, तिच्या खिशातून काढून, अथपासून इतिपर्यंत वाचलंस, आणि मग मला तसं लिहायला बसलीस.

हे सगळं ठाऊक असताना मी तुला ते चौदा तारखेचं पत्र लिहिलं. आजारात, दुःखात लिहिलं असं म्हणून सुटता आलं असतं. पण खरं ते असं की तू दार उघडून दिलंस आणि मी आत शिरले. कोणाला तरी दोष द्यायला मिळाला नसता तर त्या रात्री मी खिडकीतून खाली गेले असते. तू ते ओळखून होतीस, म्हणूनच लिहिलंस, हेही मला कळलं होतं. तरी मी शब्द निवडून निवडून लिहिले. कॉफीच्या कपाचं वाक्य तर दोनदा खोडून पुन्हा लिहिलं, जास्त लागावं म्हणून.

दहा वर्षं झाली नियम बदलून, आणि मला पत्ता नाही. तुझं काही चुकलं नाही. गावातल्या पोरासोरांना माहीत असलेली गोष्ट कोण कशाला पत्रात लिहील? मीच तेरा वर्षांपूर्वीची, गाव सोडलं तेव्हाची खाडी तिच्या खिशात घालून दिली.

तिचं तेरा जानेवारीचं पत्र माझ्याकडे आहे. तू झाड घसरगाडीवर घालून नेलंस, शेंड्यावर लोकर तशीच होती, हे तिने लिहिलंय. ते बघून तिला हसू आलं. तिला तुझ्या घरात फार सुरक्षित वाटत होतं, असंही आहे. आणखी काही त्या पत्रात नाही. ते मी कोणाला वाचायला देणार नाही, तूही मागू नकोस. आईकडे असू दे.

माझं पत्र तू खरंच तिच्याबरोबर ठेवलंस की चुलीत घातलंस, हे मी विचारणार नाही. आणि माझं चौदा तारखेचं मात्र जाळ. लोखंड नाही ते, जळेल.

डॉक्टर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सोडतो म्हणतात. खाडी तोवर मोकळी झाली असेल. सायकल सरळ कर, साखळीला तेल घाल आणि ऊनोकरवी इस्पितळाच्या फाटकाशी ठेवून दे. बोटीवरून उतरले की मला कोणी घ्यायला येऊ नये. मी पुलावरून येईन, चौदा किलोमीटर, तिची पाळी सुटायच्या वेळेला निघून. छाती भरून आली तर उतरून चालेन. आधी बाबांच्या डाव्या हाताला जाईन, मग घरी. दोनच कप मांड.

लोभ असावा, असं लिहायचा हक्क मी फेब्रुवारीत घालवला. तरी सवयीने हात इथवर येतोच आहे.

तुझी,
साइमी